ढिली बिजागरी आणि जुनी भोकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दार लोंबलं, कडी कोंड्यात बसेनाशी झाली, पल्ला उंबरठ्याला घासू लागला, की घरात नव्या दाराच्या गोष्टी सुरू होतात. त्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बोटाने हलवून पाहा. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर या भागात दारं-खिडक्या दुरुस्त करताना लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. लाकूड धड असेल तर जुनं भोक पुन्हा घट्ट करता येतं, आणि त्याला लागणारं बहुतेक सामान गावातच मिळतं.

स्क्रू नुसता गोल फिरतो, आवळतच नाही. आत काय झालेलं असतं?

स्क्रूचे आटे लाकडात स्वतःसाठी खाच कापतात आणि त्या खाचेतल्या लाकडाच्या रेषांना, म्हणजे तंतूंना, धरून बसतात. त्या रेषा तुटल्या, कुजल्या किंवा त्यांचा भुगा झाला की धरायला काही उरत नाही.

स्क्रू काढा आणि आट्यांत काय अडकून आलं ते नीट बघा. कोरड्या, पिवळसर काड्या निघाल्या तर भोक फक्त झिजलं आहे, काम सोपं आहे. काळी भुकटी निघाली तर लोखंड गंजून लाकूड जळल्यासारखं झालं आहे, तेवढं खरवडून काढावं लागेल. माती किंवा पिठासारखं काही निघालं तर मधलं सगळं सोडून आधी खाली उधईचा (वाळवीचा) प्रश्न वाचा.

नेहमी वरचीच बिजागरी का उखडते?

दाराचं वजन खाली जातं, पण दार बिजागरीच्या एका बाजूला लटकलेलं असतं, त्यामुळे ते वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढतं आणि खालच्या बिजागरीला चौकटीत दाबतं. तीन फूट रुंद, चाळीस किलोचं सागवानी दार धरा. वरच्या आणि खालच्या बिजागरीत पाच फूट अंतर असेल तर वरच्या बिजागरीवर साधारण १२ किलोची आडवी ओढ चोवीस तास असते.

आता त्याच दाराच्या कडीला धरून वीस किलोचं लेकरू झुललं, तर आणखी १२ किलो. लेकराचं वजन दाराच्या निम्मं, पण ते दाराच्या पार टोकाला असल्यामुळे ओढ अख्ख्या दाराएवढी. म्हणून दारावर झुलणाऱ्या पोरांना रागावणाऱ्या आजीचं बरोबर असतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे बिजागरीकडच्या फटीत काहीतरी अडकणं. पोत्याचा कोपरा, चप्पल, खराट्याची काडी. दार त्या वस्तूवर टेकतं आणि तुम्ही तिकडून जोर लावता, तेव्हा ते दार पहार होऊन स्क्रू उपटतं. एका जोराच्या धक्क्यात तिन्ही स्क्रू निघालेले दिसले तर कारण बहुतेक हेच असतं.

हे सांगण्याचं कारण असं की ओढ कायम राहणार असेल तर भोक कितीही सुंदर भरलं तरी वर्षभरात पुन्हा तेच होईल. सात फुटी दाराला दोनच बिजागऱ्या असतील तर तिसरी लावा, आणि ती मधोमध लावण्यापेक्षा वरच्या बिजागरीच्या खाली फूटभर अंतरावर लावा. ओढ जिथे आहे तिथे मदत द्यायची.

त्याच भोकात जाड स्क्रू घातला तर?

सगळे आधी हेच करतात. ८ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिलिमीटर जाड असतो, १० नंबरचा ४.८. लाकडातली पकड जाडीच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फायदा फार तर पंधरा टक्क्यांचा. त्याबदल्यात स्क्रूचं डोकं बिजागरीच्या पानातल्या खळग्यात बसत नाही, वर राहतं, दार मिटताना डोक्यावर डोकं घासतं आणि पुन्हा तीच पहारीची गोष्ट सुरू होते.

जाडी तीच ठेवून लांबी वाढवा. पकड लांबीच्या प्रमाणातही वाढते. एक इंच लाकडात असलेला स्क्रू दोन इंच गेला तर पकड दुप्पट, आणि पुढचा इंच कोऱ्या लाकडात जातो हा वेगळा फायदा. चौकट तीन-चार इंच जाड असते, तिथे अडीच इंची स्क्रू सहज चालतो. पल्ल्याच्या उभ्या पट्टीतही चालतो, फक्त जिथे आडवी पट्टी उभीत बसवली आहे त्या सांध्यात शिरणार नाही एवढं बघा. दाराचं लाकूड चांगलं आणि भोक थोडंच ढिलं असेल तर लांब स्क्रूवर काम भागतं, पुढचं काही करायची गरज नाही.

आगपेटीच्या काड्या आणि फेविकॉल?

खिडकीच्या हलक्या पल्ल्याला, आरशाच्या हुकाला, टीव्हीच्या स्टँडला चालेल. घराच्या दाराला नको.

काडीचं लाकूड हलकं असतं. स्क्रूची पकड लाकडाच्या घनतेवर अवलंबून असते, आणि ती साधी नव्हे, जवळजवळ वर्गाच्या हिशोबाने. निम्म्या घनतेचं लाकूड भरलं तर पकड पाव होते. शिवाय काड्या भोकात उभ्या बसतात, त्यांच्यामध्ये फटी राहतात, आणि स्क्रू त्या फटींतून वाट काढतो. रात्री दार निघालं आणि सकाळपर्यंत भागवायचं आहे, तर काड्या भरा. गुलाचं टोक मात्र तोडून टाका.

मग भोक नीट भरायचं कसं?

भोक स्वच्छ करून, थोडं मोठं करून, त्यात त्याच जातीच्या कोरड्या लाकडाची खुंटी डिंक (फेविकॉलसारखा) लावून ठोकायची, वाळू द्यायची, मग बारीक बिटने नवं भोक पाडून स्क्रू लावायचा. सांगायला एका ओळीत येतं, पण प्रत्येक पायरीत एक खोच आहे.

पल्ला काढा किंवा खाली पाचर देऊन त्याचं वजन उचलून धरा. पल्ला लोंबता ठेवून भोक भरलं तर खुंटी वाकड्या जागी बसते. तीनपैकी एकच स्क्रू ढिला असेल तर पल्ला काढायची गरज नाही, एकेक भोक करत जा.

भोक १० किंवा १२ मिलिमीटरच्या बिटने मोठं करा. कोवळं, काळं, भुसभुशीत झालेलं सगळं निघून कोरं लाकूड दिसेपर्यंत. खोली स्क्रूच्या लांबीपेक्षा थोडी जास्त हवी. खुंटी स्क्रूपेक्षा आखूड राहिली तर स्क्रूचं टोक तिला मागून ढकलतं. बिटला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून खोलीची खूण करा.

आता खुंटी. इथेच बहुतेक लोक चुकतात, म्हणून सावकाश वाचा. बाजारातली गोल दांडी कापून ठोकली तर तिच्या रेषा दांडीच्या लांबीला असतात. म्हणजे स्क्रू लाकडाच्या कापलेल्या तोंडात, रेषांच्या मधून, रेषांना समांतर शिरतो. त्या दिशेने लाकूड स्क्रूला आडव्या रेषांच्या तुलनेत पाऊणपटच धरतं, आणि तेही भरवशाने नाही, कारण रेषा फाकून खुंटी चिरू शकते. खुंटी अशी हवी की तिच्या रेषा भोकाला आडव्या, पल्ल्याच्या रेषांसोबत उभ्या धावतील. मग स्क्रूचे आटे रेषा कापत जातात आणि त्यांत रुततात.

अशी खुंटी मिळते कशी? ड्रिल मशीनला लावायचा प्लग कटर जिल्ह्याच्या ठिकाणी हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो फळीच्या सपाट बाजूवर चालवला की आडव्या रेषांची खुंटी निघते. मात्र साधा कटर फार खोल जात नाही, त्यामुळे दीड इंची स्क्रूला एकावर एक दोन खुंट्या बसवाव्या लागतात. कटर नसेल तर फळीची आडवी पट्टी कापा, तिचे चौकोनी तुकडे करा, पटाशीने किंचित निमुळते करा आणि भोकही पटाशीने चौकोनी करा. चौकोनी खुंटी फिरत नाही, हा तिचा मोठा गुण. तुकडा कापतानाच पेन्सिलने त्यावर रेषांची दिशा काढून ठेवा, डिंक लागल्यावर ओळखू येत नाही.

डिंक भोकाच्या भिंतींना आणि खुंटीला, दोन्हीकडे लावा. खुंटीच्या एका बाजूला बारीक खाच पाडा म्हणजे अडकलेली हवा आणि जास्तीचा डिंक वर येईल, नाहीतर हातोडीच्या तिसऱ्या ठोक्याला लाकूड चिरण्याचा आवाज येतो. रात्रभर सोडा. पावसाळ्यात दोन रात्री. मग वरचं टोक पटाशीने सपाट करा.

नवं भोक ८ नंबरच्या स्क्रूसाठी सागवानात ३ मिलिमीटरचं. बिट घसरू नये म्हणून आधी टोच्याने खूण पाडा, बिजागरीचं पान जागेवर धरून, भोकाच्या बरोबर मध्यावर. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावा. साबण लावायची पद्धत आहे, पण साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू वापरणार असाल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, त्याने खाच तयार होते, मग पितळी घाला. पितळ मऊ असतं, पहिल्या फेरीतच मान तुटते.

तिन्ही भोकं एकत्र फाटून मोठा खड्डा झाला आहे.

मग तीन खुंट्या घालू नका. बिजागरीच्या पानाएवढा आयताकार तुकडा कापून काढा आणि तिथे लाकडी ठिगळ बसवा. ठिगळाच्या रेषा पल्ल्याच्या रेषांसोबत. खोली स्क्रूएवढी, कमीत कमी सव्वा इंच. पातळ ठिगळ लावून त्यातून स्क्रू मागच्या फाटक्या लाकडात घालणं म्हणजे काम अर्धंच करणं. कडा थोड्या तिरप्या केल्या की ठिगळ घट्ट बसतं. हे काम हाताला सवय नसेल तर वाढयाकडूनच, म्हणजे सुताराकडूनच, करून घ्या, त्याच्या अर्ध्या दिवसाची मजुरी नव्या दाराच्या किमतीपुढे काहीच नाही.

खुंटीला लाकूड कोणतं घ्यावं?

सागवानाला सागवान, बाभळीला बाभूळ. एकाच जातीचं लाकूड ऊन-पावसात सारखं फुगतं आणि सारखं आकसतं. गावच्या वाढयाकडे, आरागिरणीवर कापलेल्या उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तिथून वीतभर तुकडा मागून घ्या. जुनी मोडकी खुर्ची, पलंगाचा पाय असेल तर आणखी चांगलं, ते लाकूड कित्येक उन्हाळे वाळलेलं असतं.

नव्याने कापलेलं ओलं लाकूड कधीच नको. ओली खुंटी आज घट्ट वाटते, मे महिन्यात आकसते आणि अख्खीच्या अख्खी स्क्रूसकट हातात येते.

बांबू चालेल का?

बांबू चालतो, आणि गडचिरोली-चंद्रपूरकडे तो मुबलक आहे. फक्त बाहेरच्या सालीकडचा कडक भाग घ्या, आतला भुसभुशीत गाभा सोलून टाका. बारीक, निमुळत्या कामट्या करून भोकाच्या भिंतीशी चारी बाजूंनी बसवा, मध्ये स्क्रूपुरती जागा राहू द्या, आणि डिंक भरपूर. कामट्यांच्या रेषा भोकाच्या लांबीलाच राहतात, त्यामुळे आडव्या खुंटीची बरोबरी होत नाही. पण कडकपणामुळे आगकाडीपेक्षा कितीतरी सरस, आणि पटाशी-ड्रिल नसलेल्या घरात सहज जमण्यासारखं. बांबूला भुंगा लागतो, म्हणून पिवळा, जुना, वाळलेला घ्या. हिरवा नको.

सागवानाला फेविकॉल धरत नाही म्हणतात, खरं का?

सागवानात नैसर्गिक तेल असतं. त्याच तेलामुळे ते पाण्यात आणि किडीत टिकतं, आणि त्याच तेलामुळे डिंक पृष्ठभागावर नीट शिरत नाही. उपाय सोपा आहे. खुंटी आणि भोक डिंक लावण्याच्या अगदी आधी थिनरने पुसा, उडून जाऊ द्या, लगेच डिंक लावा. पुसून दुसऱ्या दिवशी लावलं तर आतलं तेल पुन्हा वर आलेलं असतं. ताजं कापलेलं किंवा घासलेलं तोंडही चांगलं धरतं.

पडवीतल्या, न्हाणीघराच्या आणि पाऊस थेट लागणाऱ्या दारांना साधा पांढरा डिंक नको, पाण्यात टिकणारा घ्या किंवा दोन नळ्यांचा अ‍ॅराल्डाइट.

सगळं भोक एम-सीलने किंवा अ‍ॅराल्डाइटनेच भरलं तर?

कडक होतं, यात वाद नाही. अडचण अशी की लाकूड दर ऋतूत हलतं आणि हा गोळा हलत नाही. दोन-तीन वर्षांत त्याच्याभोवती केसाएवढी फट पडते, आणि मग गोळा स्क्रूसकट भोकात डुगडुगतो. तो काढताना आजूबाजूचं चांगलं लाकूडही जातं.

अ‍ॅराल्डाइटचा खरा उपयोग वेगळा आहे. भोकाची भिंत मऊ झाली असेल तर पातळ थर आत मुरवा, वाळू द्या, मग त्यात खुंटी बसवा. किंवा खुंटीचाच डिंक म्हणून वापरा. दोन्ही नळ्यांतून समान माप घ्या, एकच रंग होईपर्यंत घोटा. हळू वाळणारा प्रकार पाच मिनिटांच्या प्रकारापेक्षा लाकडात जास्त शिरतो, त्याला पूर्ण एक दिवस द्या.

लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून?

दिसायला बुजतं, पण धरत नाही. रंगारी लावतो त्या लांबीचंही (पुट्टीचंही) तेच. खडू आणि जवसाच्या तेलाची लांबी वरून रंग देण्यासाठी असते, आटे धरण्यासाठी नाही. ज्या भोकात पुन्हा स्क्रू घालायचाच नाही, तिथे यांतलं काहीही चालेल.

नवी बिजागरी आणली, तिची भोकं जुन्या भोकांच्या अगदी शेजारी येतात.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, कारण जुन्या आणि नव्या बिजागरीच्या भोकांची जागा क्वचितच जुळते.

नवं भोक जुन्यात अर्धवट शिरत असेल तर तसंच ड्रिल मारू नका. बिट मोकळ्या बाजूला सरकतं, भोक तिरपं होतं, स्क्रू तिरपा बसतो आणि बिजागरीचं पान वर उचललं जातं. आधी जुनी सगळी भोकं खुंट्यांनी भरा, डिंक पूर्ण वाळू द्या, पृष्ठभाग सपाट करा. आता ते तुमच्यासाठी कोरं लाकूड आहे. मग नवी बिजागरी ठेवून खुणा करा.

भरलेल्या जुन्या भोकापासून नवं भोक दूर असेल तर उत्तम. मध्ये निदान स्क्रूच्या दुप्पट जाडीएवढं, म्हणजे आठ-नऊ मिलिमीटर कोरं लाकूड असावं. एक गोष्ट लोक बघत नाहीत. भोकं एकाच रेषेवर, एकाखाली एक आली तर त्या रेषेवर लाकूड उभं चिरतं. जुन्या बिजागऱ्यांची भोकं नागमोडी असायची ती यासाठीच. दुकानात दोन प्रकार समोर असतील तर नागमोडी भोकांची घ्या. आणि शक्य असेल तर बिजागरी दोन इंच वर किंवा खाली सरकवा, म्हणजे स्क्रू पूर्णपणे न वापरलेल्या लाकडात जातील. जुनी खाच तेवढी पातळ पट्टीने बुजवायची. मला विचाराल तर चांगल्या लाकडाच्या दारात हाच सगळ्यांत टिकाऊ मार्ग आहे.

गंजलेला स्क्रू निघत नाही, डोक्याची खाच गेली.

खाचेतला रंग आणि गंज हॅकसॉच्या मोडक्या पात्याने खरवडा. खाचेत नेमका बसेल असा पेचकस घ्या, लहान पेचकसनेच खाच जाते. आधी किंचित आवळायचा प्रयत्न करा, मग सैल करा. गंजाची पकड अशी तुटते. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक डोक्यावर काही मिनिटं धरा आणि थंड होऊ द्या. लोखंड फुगून आकसतं, गंज सुटतो.

डोकंच तुटलं तर स्क्रूच्या भोवती बारीक बिटने तीन-चार भोकं पाडा, पकडीने उरलेला दांडा फिरवून काढा, आणि मग १२ मिलिमीटरची खुंटी. थोडं लाकूड गेलं तरी चालतं.

बाभळीच्या दारात हे जास्त होतं. बाभळीची साल चामडं कमावायला वापरतात ती तिच्यातल्या टॅनिनमुळे. त्याच टॅनिनशी लोखंडाचा आणि ओलीचा संबंध आला की काळा डाग पडतो आणि स्क्रू खाल्ला जातो. बाभळीत स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळी स्क्रू घाला.

कापूस भरलेल्या खोलीचं दार ढिलं झालं आहे, लगेच दुरुस्त करायचं आहे.

करा, पण आधी हे ऐका. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवलेला असतो, आणि खोली छतापर्यंत भरलेली असते. त्या खोलीच्या दारावर सोल्डरिंग आयर्न, ग्राइंडर, वेल्डिंग, गॅसबत्ती काहीही चालवू नका. गंजलेला स्क्रू गरम करायची वर सांगितलेली युक्ती इथे नाही म्हणजे नाही. ग्राइंडरची एक ठिणगी कापसात आत जाऊन तासन्‌तास धुमसते आणि तुम्ही जेवायला बसल्यावर पेट घेते. वर्षाचं पीक त्या खोलीत असतं. थिनरसुद्धा त्या दारापासून लांब ठेवा. हाताचं गिरमिट आणि पेचकस वापरा, किंवा पल्ला उतरवून अंगणात आणा.

दार ढिलं होण्याचं कारणही कापूसच असतो. दाबून भरलेला कापूस दाराला आतून ढकलत राहतो. दाराच्या आत दोन हात अंतरावर फळ्या आडव्या लावून कापूस त्यांच्यामागे ठेवला तर बिजागरीवर ओझं येत नाही.

दुरुस्ती कोणत्या महिन्यात करावी?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा इतकी कोरडी होते की उघडं लाकूड पाच टक्क्यांच्या आसपास ओलीपर्यंत वाळू शकतं. श्रावणात तीच ओल पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ पाहते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. दाराच्या दोन उभ्या पट्ट्या मिळून आठ इंच रुंद असतील तर वर्षभरात दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि आपण ते लाथेने उघडतो, ती लाथ बिजागरीच्या स्क्रूंना बसते.

दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ उत्तम. लाकूड ना फार फुगलेलं, ना फार आकसलेलं. श्रावणात अडतंय म्हणून दाराची कड रंध्याने तासू नका. उन्हाळ्यात तिथूनच बोटभर उजेड दिसतो. आधी बिजागरीचे स्क्रू आवळून पाहा, अर्ध्या दारांचं अडकणं लोंबण्यामुळे असतं, फुगण्यामुळे नाही.

फ्लश डोअर, प्लायवूड, पीव्हीसीच्या दाराला हेच करायचं का?

फ्लश डोअरला कडेने लाकडी पट्टी असते, पण ती किती रुंद आहे ते बाहेरून कळत नाही. स्वस्त दारात ती इंचभरच असते, पुढे जोडलेल्या तुकड्यांमधली पोकळी. तिथे लांब स्क्रूचा उपयोग नाही. खुंटी घाला, किंवा बिजागरी सरकवा.

पार्टिकल बोर्डच्या कपाटाचं भोक एकदा फाटलं की बोर्ड स्वतः धरत नाही. मोठं भोक पाडून लाकडी खुंटी अ‍ॅराल्डाइटने बसवा. पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं, तिथे आरपार नट-बोल्ट आणि मोठा वायसर हाच मार्ग.

चौकट सिमेंटची किंवा लोखंडी आहे.

घरकुलाच्या बऱ्याच घरांत लोखंडी चौकटीला बिजागरी वेल्ड केलेली असते, ती तुटली तर वेल्डिंगवाला. सिमेंटच्या चौकटीत बिजागरीच्या जागी लाकडी ठोकळा पुरलेला असतो आणि तो आकसून हलतो. ठोकळाच हलत असेल तर त्यातलं भोक भरून काही होणार नाही, ठोकळा काढून नवा, पूर्ण वाळलेला बसवावा लागतो. स्क्रू थेट सिमेंटमध्ये असेल तर नायलॉनचा मोठा रॉल प्लग घाला.

आट्यांत माती निघाली. उधई आहे का?

बहुतेक आहे. पेचकसच्या मुठीने चौकट ठोकत खालून वर जा, पोकळ आवाज कुठपर्यंत येतो ते बघा. उधई जमिनीतून येते, म्हणून चौकटीचा पाय आधी पोखरला जातो. पोखरलेल्या लाकडात खुंटी घालणं व्यर्थ आहे. आधी जमिनीचा आणि भिंतीचा बंदोबस्त, मग तेवढा भाग कापून नवा जोड, आणि शेवटी बिजागरी. सागवानाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढरट भागाला लागते, आणि चौकटीत तो पांढरा भाग बऱ्याचदा असतो.

वखराच्या, डवऱ्याच्या दांडीचं भोक मोठं झालं. तिथेही खुंटी?

नाही. तिथे बोल्ट आरपार असतो आणि बैलाचा झटका बसतो. खुंटी चिरते. भोकात पाइपाचा तुकडा घट्ट ठोका आणि बोल्ट त्यातून न्या, दोन्ही बाजूंना रुंद लोखंडी पट्टी. जुन्या भोकाच्या शेजारी, त्याच रेषेवर नवं भोक पाडू नका, दांडी उभी फाटते. भोकापासून चीर निघालेली दिसली तर दांडी बदला. शेतात ती तुटली तर बैलाला आणि माणसालाही लागू शकते.

जुनी दारं विकत घेणारे गावात येतात. दुरुस्त करण्यापेक्षा विकून टाकावं का?

ज्याचं घर, त्याचा निर्णय. पण ते लोक गावोगाव फिरून जुनी दारं गोळा करतात, कारण त्यांना त्या लाकडाची किंमत ठाऊक असते. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं. तुमच्या ओसरीच्या दाराचं लाकूड कदाचित त्याच जंगलातलं, आणि आज मिळणाऱ्या लाकडापेक्षा जास्त वर्षं वाढलेल्या झाडाचं असेल. सहा ढिल्या स्क्रूंसाठी ते जाऊ देऊ नका. विकायचंच असेल तर निदान आधी दुरुस्त करा आणि मग भाव विचारा.

भोकं भरली, दार बसवलं. आता?

पहिल्या दिवशी पल्ल्याखाली पाचर राहू द्या. स्क्रू हातानेच आवळा, मशीनने शेवटची फेरी मारली की नव्या खुंटीचे आटेही तुटतात. डोकं पानात बसलं की थांबा. येत्या मे महिन्यात, लाकूड पुरतं वाळलेलं असताना, प्रत्येक स्क्रूला एकदा पेचकस लावा. पाव फेरी फिरला तर ठीक, तेवढं लाकूड आकसतंच. त्याहून जास्त फिरला तर ती खुंटी धरत नाही, ती काढून पुन्हा बसवा.